फ्लेक्सी पगार द्या, पण हिशोब एप्रिलमध्येच पक्का करा

समजा, तुमची पंधरा माणसांची छोटी कंपनी आहे. डिझाइन स्टुडिओ असेल, दवाखाना असेल किंवा कोचिंग क्लास. मागच्या एप्रिलमध्ये तुमच्या एका चांगल्या सहकारी स्त्रीला दुसरीकडून जास्त पगाराची ऑफर आली. तेवढी वाढ देणे तुम्हाला परवडणारे नव्हते. कोणीतरी सुचवले, ‘पगाराचा काही भाग फ्लेक्सी करा. टॅक्स वाचेल, तिच्या हातात चार पैसे जास्त पडतील.’ तुम्ही तसे केले. पगारपत्रकात फूड कार्ड, मोबाइल बिल, एलटीए असे नवे रकाने आले. ती खूश, तुम्हीही खूश.

मग फेब्रुवारी उजाडला आणि सीएने बिले मागितली. तिच्याकडे मोबाइलची चारच बिले निघाली. एलटीएसाठी तिने हॉटेलची पावती आणून दिली, जी चालत नाही. फूड कार्डाबद्दल तर कळले, की तिने नवी करप्रणाली निवडली आहे आणि तिथे ती सवलतच नाही. वर्षभर न कापलेला टॅक्स मार्चच्या एकाच पगारातून कापावा लागला. ज्या महिन्यात मुलाच्या शाळेची फी भरायची होती, त्याच महिन्यात तिच्या हातात निम्माच पगार पडला. जिला थांबवण्यासाठी हा सगळा खटाटोप केला, तीच आता तुमच्याकडे संशयाने पाहू लागली.

योजना एप्रिलमध्ये ठरली आणि नियम मात्र फेब्रुवारीत वाचले गेले, घोळ झाला तो इथेच. तुम्ही लहान-मोठा व्यवसाय चालवत असाल, एखाद्या ऑफिसचे पगार पाहत असाल किंवा स्वतः फ्लेक्सी पगार घेत असाल, तर हे नियम आधीच समजून घ्या. पुण्यात असा, इंदूरला असा की बंगळुरूला, आयकराचे नियम देशभर सारखेच आहेत.

फ्लेक्सी बेनिफिट म्हणजे नक्की काय?

कर्मचाऱ्यावर कंपनी वर्षभरात जो एकूण खर्च करते, त्याला आपण सीटीसी म्हणतो. त्यात मूळ वेतन, घरभाडे भत्ता, पीएफ असे ठरलेले भाग असतात. उरलेल्या रकमेतला काही भाग कर्मचाऱ्याने स्वतःच्या गरजेप्रमाणे वाटून घ्यायचा, ही झाली फ्लेक्सी बेनिफिट योजना. थाळीतली एखादी भाजी नको म्हणून तिच्याऐवजी दुसरी वाढून घ्यावी, तसेच हे. गाडी नसलेल्याने गाडीचा खर्च घेऊ नये, एनपीएसमध्ये पैसे टाकावेत. ज्याला काहीच नको, त्याला ती रक्कम विशेष भत्ता म्हणून मिळते आणि तिच्यावर पूर्ण कर लागतो.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. आयकर कायदा ‘फ्लेक्सी’ नावाने कोणतीही सवलत देत नाही. यादीतल्या प्रत्येक बाबीचा नियम वेगळा, मर्यादा वेगळी आणि पुरावाही वेगळा. पगारपत्रकात रकाना तयार केला म्हणून ती रक्कम करमुक्त होत नाही.

जबाबदारी मालकाची की कर्मचाऱ्याची?

बऱ्याच छोट्या मालकांना वाटते, की टॅक्स कर्मचाऱ्याचा आहे, तर चूकही त्याचीच. कायदा तसे मानत नाही. आयकर कायदा १९६१ च्या कलम १९२ नुसार पगार देणाऱ्यानेच कर्मचाऱ्याच्या वर्षभराच्या करपात्र पगाराचा अंदाज काढून दरमहा टीडीएस कापायचा असतो. तुमची कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असो की एकट्याच्या मालकीची, एखाद्याही कर्मचाऱ्याचा पगार करपात्र असेल तर हे बंधन लागू होते. त्यासाठी टॅन क्रमांक घ्यावा लागतो.

कमी टीडीएस कापला गेला, तर खाते मालकालाच ‘कसूरदार’ ठरवू शकते. न कापलेल्या रकमेवर दरमहा १ टक्का आणि कापून वेळेत न भरलेल्या रकमेवर दरमहा दीड टक्का व्याज लागते. तिमाही विवरणपत्र उशिरा भरले, तर रोजचे २०० रुपये शुल्क वेगळे.

पुराव्यांबाबतचा नियमही आता कडक झाला आहे. २००९ साली लार्सन अँड टुब्रोच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते, की कर्मचाऱ्याने प्रवासाचे पैसे खरोखर प्रवासावर खर्च केले का, याचे पुरावे गोळा करण्याचे बंधन मालकावर नाही. पुढे २०१५ साली कायद्यातच दुरुस्ती झाली. आता घरभाडे, एलटीए, गृहकर्जाचे व्याज आणि ८० सी सारख्या वजावटी धरायच्या असतील, तर मालकाने कर्मचाऱ्याकडून तपशील आणि पुरावे घ्यायलाच हवेत. त्यासाठी फॉर्म १२ बीबी आहे.

२०२२ मधला स्टेट बँकेचा निकाल तर प्रत्येक मालकाने लक्षात ठेवावा असा आहे. बँकेच्या काही कर्मचाऱ्यांनी सवलतीचा प्रवास परदेशातून फिरून केला होता. त्यातल्या एकाचा मार्ग होता दिल्ली, मदुराई, कोलंबो, क्वालालंपूर, सिंगापूर, पुन्हा कोलंबो आणि परत दिल्ली. बँकेने पूर्ण रक्कम दिली आणि टीडीएस कापला नाही. प्रवासाची सवलत फक्त भारतातल्या प्रवासासाठी आणि जवळच्या मार्गासाठी आहे, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने बँकेलाच कसूरदार ठरवले. प्रवासाचा सगळा तपशील बँकेच्या समोर होता, त्यामुळे ‘आम्हाला माहीत नव्हते’ हे म्हणणे टिकले नाही. थोडक्यात, तुमच्या टेबलावर आलेला कागद तुम्ही वाचला आहे, असेच कायदा धरून चालतो.

पहिला प्रश्न : जुनी करप्रणाली की नवी?

फ्लेक्सीची यादी हातात देण्यापूर्वी प्रत्येक कर्मचाऱ्याला हा प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या. २०२३-२४ पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते. कर्मचाऱ्याने काहीच कळवले नाही, तर मालकाने नव्या प्रणालीप्रमाणेच टीडीएस कापायचा आहे.

नव्या प्रणालीत घरभाडे भत्त्याची सूट, एलटीए, मुलांचा शिक्षण भत्ता, ८० सी आणि फूड कार्ड यांची सवलत मिळत नाही. मात्र २०२५-२६ साठी तिथे ७५,००० रुपयांची सरसकट वजावट आहे आणि १२ लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर करात पूर्ण सूट आहे. म्हणजे ज्याचे उत्पन्न फक्त पगाराचे आहे आणि पगार १२ लाख ७५ हजारांपर्यंत आहे, त्याला नव्या प्रणालीत एक रुपयाही कर लागत नाही.

याचा अर्थ सरळ आहे. वर्षाला ८-९ लाख पगार असलेल्या कर्मचाऱ्याला फ्लेक्सीची लांबलचक यादी देऊन तुम्ही त्याच्यावर आणि स्वतःवर बिलांचा नुसता भार टाकता. त्याचा कर आधीच शून्य आहे. पंधरा जणांच्या कंपनीत खरा फायदा कदाचित तीन-चार जणांनाच होणार असेल. योजना त्यांच्यासाठी ठेवा, बाकीच्यांना सरळ पगार द्या.

यादीत काय ठेवावे आणि कोणत्या अटीवर?

खालच्या मर्यादा १९६१ च्या कायद्यातल्या, आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या आहेत.

• फूड कार्ड किंवा कूपन : एका जेवणामागे ५० रुपयांपर्यंत करमुक्त, तेही फक्त जुन्या प्रणालीत. कूपन दुसऱ्याला देता येणारे नसावे आणि खाण्यापिण्याच्या ठिकाणीच चालणारे असावे. दिवसाला दोन वेळचे आणि महिन्याला २२ दिवस धरले, तर २,२०० रुपये महिना होतात, वर्षाचे २६,४००. तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या कर्मचाऱ्याचे त्यातून उपकरासह साधारण ८,२०० रुपये वाचतात. हीच रक्कम ‘जेवण भत्ता’ म्हणून रोख दिली, तर पूर्ण करपात्र.

• मोबाइल आणि टेलिफोन : कर्मचाऱ्याच्या बिलाचा प्रत्यक्ष खर्च कंपनीने दिला, तर तो दोन्ही प्रणालींत करमुक्त. बिल कर्मचाऱ्याच्या नावाचे असावे. दरमहा ठरावीक १,५०० रुपये बिलाशिवाय दिले, तर तो साधा भत्ता झाला आणि त्यावर कर लागणार.

• एलटीए : फक्त जुन्या प्रणालीत. चार कॅलेंडर वर्षांच्या गटात दोन प्रवास. २०२२ ते २०२५ हा गट संपला, आता २०२६ ते २०२९ चा गट आहे. सवलत फक्त प्रवासभाड्याची. हॉटेल, जेवण, स्थळदर्शन यांचा खर्च त्यात येत नाही. समजा, एलटीए ६०,००० रुपये ठरला आणि कुटुंबाच्या सहलीत रेल्वेची तिकिटे १४,००० रुपयांची, हॉटेल २४,००० रुपयांचे झाले. करमुक्त होतील फक्त १४,०००. उरलेल्या ४६,००० वर कर.

• गाडी : गाडी कंपनीची किंवा कंपनीने भाडेपट्ट्याने घेतलेली असेल, तिचा खर्च कंपनी करत असेल आणि वापर ऑफिस व घर दोन्हीसाठी होत असेल, तर १.६ लिटरपर्यंतच्या इंजिनासाठी महिन्याला १,८०० रुपये आणि ड्रायव्हर असल्यास आणखी ९०० रुपये एवढेच कर्मचाऱ्याच्या पगारात धरले जातात. मोठ्या इंजिनासाठी १,८०० ऐवजी २,४००. गाडी कर्मचाऱ्याच्या नावावर असेल, तर हिशोब बदलतो. तिथे दिलेल्या खर्चातून हीच रक्कम वजा होते आणि उरलेली करपात्र ठरते. ‘सगळा वापर ऑफिससाठीच’ असे म्हणायचे असेल, तर तारीख, ठिकाण, किलोमीटर आणि खर्च यांची नोंदवही हवी.

• दिवाळीची भेट : वस्तू किंवा गिफ्ट व्हाउचर, वर्षभरात एकूण ५,००० रुपयांच्या आत असेल तर कर नाही. पाकिटात रोख दिली, तर ती पगारच.

• एनपीएस : नव्या प्रणालीत हीच सर्वांत कामाची बाब. मालकाने कर्मचाऱ्याच्या एनपीएस खात्यात मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांपर्यंत भरलेली रक्कम वजावटीस पात्र आहे. जुन्या प्रणालीत खासगी कर्मचाऱ्यासाठी ही मर्यादा १० टक्के आहे. वर्षाला १८ लाख सीटीसी आणि ९ लाख मूळ वेतन असेल, तर १,२६,००० रुपये एनपीएसमध्ये जाऊ शकतात. पीएफ बाजूला ठेवून हिशोब केला, तर नव्या प्रणालीत साधारण २६,००० रुपये कर वाचतो. मात्र हा पैसा मुख्यतः निवृत्तीसाठी अडकतो, हे कर्मचाऱ्याला आधी स्पष्ट सांगा. घराचा हप्ता चालू असलेल्याला हातात रोख रक्कम जास्त गरजेची असू शकते.

मुलांच्या शिक्षण भत्त्याची सूट जुन्या प्रणालीत आहे, पण ती दरमहा एका मुलामागे १०० रुपये, तीही दोन मुलांपर्यंत. एवढ्यासाठी वेगळा रकाना ठेवायचा का, हे तुम्हीच ठरवा.

नेहमी होणाऱ्या चुका

बिलाआधी पैसे, नंतर विसर : दरमहा पगाराबरोबर फ्लेक्सीची रक्कम देऊन टाकली आणि बिलांचे कोणी विचारलेच नाही, ही सर्वांत मोठी चूक. त्याऐवजी बिल आले की रक्कम द्या किंवा दर तीन महिन्यांनी बिले तपासा.

उरलेल्या पैशाचे काय, हे न लिहिणे : कर्मचाऱ्याने २४,००० रुपये मोबाइलसाठी ठेवले आणि बिले १५,००० ची आली, तर उरलेले ९,००० कुठे जाणार? ते मार्चमध्ये कर कापून दिले जातील, असे योजनेतच लिहून ठेवा. नाहीतर ऐन मार्चमध्ये वाद होतो.

अधूनमधून बदल : जुलैमध्ये फूड कार्ड नको, सप्टेंबरमध्ये पुन्हा हवे, असे चालू दिले तर हिशोबाचा मेळ लागत नाही. निवड वर्षातून एकदाच करू द्या. लग्न, बाळाचा जन्म, बदली अशा कारणांसाठी एखादी सूट ठेवा. मागच्या तारखेचा बदल मात्र कधीही मान्य करू नका.

एकच प्रवास, दोन दावे : नवरा-बायको दोघेही नोकरी करत असतील, तर एकाच सहलीच्या तिकिटांवर दोन्ही कंपन्यांत एलटीए मागितला जातो. अनेकदा हे मुद्दाम केलेले नसते, नियमच माहीत नसतो. दावा दुसरीकडे केलेला नाही, असे फॉर्मवरच लिहून घ्या.

मध्येच आलेला कर्मचारी : नोव्हेंबरमध्ये रुजू झालेल्याने आधीच्या नोकरीत काय कमावले आणि किती टीडीएस कापला गेला, हे फॉर्म १२ बी वर विचारा. नाहीतर सरसकट वजावट दोन्हीकडे धरली जाते आणि रिटर्न भरताना त्याला एकदम कर भरावा लागतो.

घरमालकाचा पॅन : जुन्या प्रणालीत वर्षाचे भाडे एक लाखाच्या वर असेल, तर घरमालकाचा पॅन लागतो. जानेवारीत शोधाशोध करण्यापेक्षा एप्रिलमध्येच मागा.

खोट्या बिलांचा मोह

‘सगळीकडे असेच चालते, पेट्रोलची बिले मिळतात की विकत,’ हे वाक्य तुम्ही ऐकले असेल. कर्मचारी जवळचा असतो, त्याची अडचण खरी असते आणि नाही म्हणणे जड जाते. पण दोघांनाही काय भोगावे लागेल, ते पाहा. खोट्या माहितीवर उत्पन्न कमी दाखवले, तर त्यावरच्या कराच्या २०० टक्के दंडाची तरतूद आहे. दहा हजारांचा कर वाचवायला जाऊन वीस हजारांचा दंड, शिवाय मूळ कर आणि व्याज. आणि बिल उघडच खोटे दिसत असताना तुम्ही ते स्वीकारले असेल, तर प्रश्न तुम्हालाही विचारला जाईल.

अशा वेळी रागावण्यापेक्षा मार्ग दाखवा. त्याला सांगा, ‘बिल नसेल तर ही रक्कम कर कापून पगारात देतो, तुझे पैसे बुडत नाहीत.’ जुनी प्रणाली निवडलेल्याकडून खऱ्या घरभाड्याचा किंवा ८० सी चा पुरावा वेळेत यायचा राहिला असेल, तर ती वजावट तो स्वतःच्या रिटर्नमध्ये मागून परतावा घेऊ शकतो, हेही सांगा. अर्धी भीती तिथेच जाते.

वर्षभराचे वेळापत्रक

• एप्रिल : करप्रणालीची निवड आणि फ्लेक्सीची निवड, दोन्ही लेखी. त्यानुसार वर्षाच्या टीडीएसचा अंदाज.

• दर महिना : कापलेला टीडीएस पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरणे. मार्चचा ३० एप्रिलपर्यंत.

• दर तिमाही : बिलांची तपासणी, तसेच फॉर्म २४ क्यू. त्याच्या तारखा ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी आणि ३१ मे.

• ऑक्टोबर : मधला आढावा. कोणाची बिले मागे पडली आहेत ते पाहून टीडीएस आत्ताच थोडा वाढवा. वर्षाच्या आत असे कमी-जास्त करण्याची मुभा कायद्यात आहे.

• जानेवारी : फॉर्म १२ बीबी आणि सगळे पुरावे. फरक आला, तर तो जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्च अशा तीन पगारांत विभागा.

• १५ जूनपर्यंत : फॉर्म १६ आणि जिथे लागेल तिथे सुविधांचा तपशील देणारा फॉर्म १२ बीए.

यातला ऑक्टोबरचा आढावा बहुतेक ठिकाणी होत नाही. समजा, कोणाचा ३०,००० रुपये टीडीएस कमी पडतो आहे. ऑक्टोबरमध्ये लक्षात आले, तर तो मार्चपर्यंत सहा महिन्यांत दरमहा ५,००० प्रमाणे कापला जाईल. मार्चमध्ये लक्षात आले, तर एकाच फटक्यात ३०,००० जातील. घर चालवणाऱ्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

तुम्ही कर्मचारी असाल तर

मोबाइलमध्ये एक फोल्डर करा आणि बिल मिळाल्या दिवशीच फोटो काढून ठेवा. रेल्वे आणि विमानाची तिकिटे, बोर्डिंग पास जपा. यादी हातात आली की दोन्ही प्रणालींत तुमचा कर किती होतो, ते आधी काढून मागा. पगाराशिवाय व्यवसायाचे उत्पन्न नसेल, तर वेळेत रिटर्न भरताना करप्रणाली बदलता येते, पण ऑफिसला कळवलेल्या निवडीप्रमाणे टीडीएस वर्षभर कापला जात राहतो. दुसऱ्याने घेतले म्हणून तुम्ही गाडीचा पर्याय घेऊ नका. तुम्ही खरोखर जे खर्च करता, तेच निवडा.

दरवर्षी नियम नव्याने पाहा

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी आयकर कायदा २०२५ लागू होतो. त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. पगारावरच्या टीडीएसचे १९२ हे कलम तिथे ३९२ आहे. म्हणून मागच्या वर्षीची यादी जशीच्या तशी पुढे चालवू नका. नव्या वर्षाच्या मर्यादा आणि फॉर्म सीएकडून तपासून घ्या आणि मगच कर्मचाऱ्यांपुढे ठेवा.

आता पहिल्या प्रसंगाकडे पुन्हा वळू. एप्रिलमध्ये त्या सहकारी स्त्रीबरोबर चहा घेत तुम्ही तासभर बसला असता, तर काय झाले असते? ती नवी करप्रणाली घेणार, हे तेव्हाच कळले असते. फूड कार्ड आणि एलटीए यादीतून गेले असते, मोबाइलचे खरे बिल आणि झेपेल तेवढे एनपीएस राहिले असते. बचत कदाचित कमी दिसली असती, पण मार्चमध्ये पूर्ण पगार घेऊन तिने मुलाची फी वेळेवर भरली असती. आणि पुढची ऑफर आल्यावर ती आधी तुमच्याशी बोलायला आली असती.